नफा वहीत, पैसा उधारीत : ताळेबंद कसा वाचावा



अलीकडे इतवाऱ्यात चार घरची माणसे एकत्र बसली की तीन विषय हमखास निघतात. कापडाची उधारी वसूल होत नाही, ताप्ती मिल कधी सुरू होणार, आणि मुलाने मोबाइलवरून घेतलेला शेअर ठेवावा की विकावा. वरवर पाहता हे तीन वेगळे विषय आहेत. आम्हाला मात्र तिन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न दिसतो. धंद्यात नफा आहे का, आणि असेल तर त्याचा पैसा वेळेवर हाती येतो का?

हा प्रश्न आता फक्त व्यापाऱ्यांचा राहिलेला नाही. देशातल्या डिमॅट खात्यांची संख्या २०२५ साली २० कोटींच्या पुढे गेली. म्हणजे ज्या घरांत आजवर पोस्ट, एलआयसी आणि बँकेची मुदत ठेव एवढेच ठाऊक होते, त्या घरांचा पैसाही आता कंपन्यांच्या ताळेबंदावर अवलंबून आहे. ताळेबंद वाचायला बीकॉम व्हावे लागते असे नाही. पाच-सहा गुणोत्तरे समजली आणि ती कोणत्या क्रमाने पाहायची हे कळले, तर बरेच धोके आधी दिसतात. आपल्या गावच्या उदाहरणांवरूनच ती समजून घेऊ.

नफा आणि रोकड

हिशेबाच्या शास्त्रात ज्या दिवशी माल देऊन बिल फाडले, त्या दिवशी विक्री झाली असे धरतात. पैसे सहा महिन्यांनी आले तरी नफा आजच नोंदला जातो. कारागिराची हप्त्याची मजुरी, विजेचे बिल आणि बँकेचे व्याज मात्र रोखीनेच द्यावे लागते. म्हणून एखाद्या धंद्यात वहीत नफा असतो आणि शनिवारी मजुरी वाटायला पैसे नसतात. उलटही घडते. तोट्यातला धंदा जुना माल, जागा, यंत्रे विकून काही काळ खिसा भरलेला दाखवू शकतो.

त्यामुळे नफ्याची गुणोत्तरे वेगळी आणि रोखतेची वेगळी. एक पाहून दुसऱ्याबद्दल अंदाज बांधला की फसगत होते.

एका शेडचा हिशेब

आता एक काल्पनिक यंत्रमाग शेड घेऊ. आकडे समजण्यासाठी सोपे धरले आहेत, पण चित्र आपल्या गावात कोणालाही ओळखीचे वाटेल.

समजा ३१ मार्चला शेडमध्ये सूत आणि ग्रे कापड मिळून १५ लाखांचा माल आहे. बाजारात २३ लाखांची उधारी आहे. हातात आणि बँकेत मिळून २ लाख आहेत. एकूण ४० लाख. ही झाली चालू मालमत्ता, म्हणजे जी वर्षभरात पैशात बदलेल अशी अपेक्षा असते. दुसऱ्या बाजूला सूत व्यापाऱ्याचे १२ लाख देणे, बँकेच्या कॅश क्रेडिटचे ९ लाख, आणि मजुरी, वीज, कर मिळून ४ लाख. एकूण २५ लाख. ही झाली चालू देणी.

४० ला २५ ने भागले की १.६ येतात. हाच करंट रेशो, म्हणजे चालू गुणोत्तर. १९७४ साली नेमलेल्या टंडन समितीने चालू मालमत्तेचा किमान चौथा हिस्सा मालकाने दीर्घ मुदतीच्या पैशातून घालावा असे सुचवले होते. त्यातूनच बँकांमध्ये १.३३ ही किमान रेषा रूढ झाली. त्या मापाने आपली शेड उत्तम.

आता माल बाजूला काढू, कारण कापड विकल्याशिवाय त्याचा पैसा होत नाही. उधारी आणि रोकड मिळून २५ लाख, देणी २५ लाख. हे गुणोत्तर १ आले. याला क्विक रेशो म्हणतात. अजूनही ठीक.

पण उधारीची यादी उघडली आणि कळले की २३ पैकी १० लाख सहा महिन्यांहून जुने आहेत. पार्टी फोन उचलत नाही, दलाल आज-उद्या करतो. ते १० लाख वगळले तर हाती १५ लाख उरतात आणि देणी २५ लाखांची. गुणोत्तर ०.६ झाले. वहीतला एकही आकडा खोटा नव्हता. फक्त उधारीचे वय विचारले, तर चित्र पालटले.

आता दिवस मोजू. वर्षाची विक्री ९२ लाख असेल तर २३ लाखांची उधारी म्हणजे सरासरी ९१ दिवस. मालाचा खर्च वर्षाला ७३ लाख असेल तर १५ लाखांचा साठा म्हणजे ७५ दिवस. म्हणजे सुतापासून वसुलीपर्यंत १६६ दिवस लागतात. सूत खरेदी वर्षाला ६० लाखांची असेल तर व्यापाऱ्याचे १२ लाख म्हणजे ७३ दिवसांची सवलत. उरलेले ९३ दिवस आपला पैसा आणि बँकेचा पैसा अडकलेला राहतो. ४० वजा २५, म्हणजे १५ लाख मालकाचे घरचे. मुलीच्या लग्नाचे, शेतीचे, कधी दागिने गहाण ठेवून आणलेले.

नफ्याकडेही पाहू. खर्च, व्याज वगैरे वजा जाता ५ लाख ५२ हजार उरले, तर विक्रीवर ६ टक्के. माग, शेड आणि खेळते भांडवल धरून मालकाचे ४६ लाख गुंतले असतील, तर भांडवलावर १२ टक्के. बँकेच्या मुदत ठेवीपेक्षा बरे दिसते. पण घरातल्या दोन माणसांच्या वर्षभराच्या श्रमाचे पैसे यात धरलेले नाहीत, हे विसरू नये. आणि त्या जुन्या १० लाखांपैकी ६ लाख बुडाले, तर वर्षाचा सगळा नफा पुसून वर तोटा. रोखतेचे दुखणे अंगावर काढले की ते नफ्यावर उतरते, ते असे.

बँकेत आम्ही स्टॉक स्टेटमेंट तपासत असू तेव्हा पहिला प्रश्न उधारीच्या वयाचाच असे. ठरावीक मुदतीपेक्षा जुनी उधारी, बहुधा ९० दिवसांपुढची, बँक ड्रॉइंग पॉवरमध्ये धरत नाही. म्हणजे पैशाची सर्वांत जास्त गरज असते त्याच वेळी बँकेची मर्यादाही आखडते. कर्जदाराला हा जाच वाटतो. पण बँक तेथे तेच गुणोत्तर पाहत असते, जे मालकाने स्वतः दर महिन्याला पाहायला हवे.

पंचेचाळीस दिवसांचा नियम

या उधारीवर सरकारने एक उपाय केला आहे. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम घातले आणि ते १ एप्रिल २०२४ पासून, म्हणजे २०२३-२४ या वर्षाच्या हिशेबाला लागू झाले. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला, तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यायचे. नाही दिले, तर खरेदीदाराला त्या खरेदीची वजावट पैसे देईल त्या वर्षीच मिळते. पैसे देण्याची ही मुदत नवी नाही. २००६ च्या एमएसएमई कायद्यात ती आधीपासून आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावे, अशी तरतूदही त्यात आहे.

२०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कापड बाजारात या कलमामुळे किती खळबळ माजली, ते आपल्याकडच्या लूमवाल्यांना आठवत असेल. व्यापारी संघटनांनी मुदतवाढ मागितली, काही ठिकाणी माल परत आला, मार्चअखेर ऑर्डरी थांबल्या.

यात एक बारकावा आहे. ऑगस्टचे बिल उशिरा का होईना पण फेब्रुवारीत चुकवले, तर खरेदीदाराला वजावट त्याच वर्षी मिळते. त्यामुळे कराचा चाप ३१ मार्चच्या आसपास बसतो. मधल्या महिन्यांत उधारी ९०-१०० दिवस लांबली तरी खरेदीदाराचे कराच्या बाजूने फारसे बिघडत नाही. म्हणून कंपनीचा किंवा व्यापाऱ्याचा मार्चचा ताळेबंद पाहून उधारीची स्थिती चांगली आहे असे समजू नये. सप्टेंबरचा आकडाही विचारावा.

दुसरे, हा लाभ उद्यम नोंदणी केलेल्या उत्पादकाला आणि सेवा देणाऱ्याला आहे. मजुरीवर कापड विणून देणाराही त्यात येतो. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याने उद्यम नोंदणी केली, तरी त्याला उशिराच्या पैशांबाबत हे संरक्षण नाही. आपल्या समाजातल्या ज्या घरांत माग आहेत आणि नोंदणी नाही, त्यांनी ती करून घ्यावी. ती विनामूल्य आहे. बिलावर उद्यम क्रमांक आणि देय तारीख छापावी. तक्रारीसाठी समाधान पोर्टल आणि राज्याची सुविधा परिषद आहे.

आमचे मत असे की कायदा योग्य आहे, पण दुबळा विक्रेता तक्रार करायला धजत नाही. एकाच गिऱ्हाइकावर निम्मी विक्री अवलंबून असेल तर तो व्याज मागणार कसे? म्हणून आणखी एक साधे गुणोत्तर ठेवावे : सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाची उधारी भागिले एकूण उधारी. ते तिसऱ्या हिश्शाच्या वर गेले की नवे गिऱ्हाईक शोधायला लागावे.

ताप्ती मिलने काय शिकवले

आता आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचा विषय. बुऱ्हाणपूर ताप्ती मिल ही राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची, म्हणजे एनटीसीची गिरणी. महामंडळ १९६८ साली स्थापन झाले आणि १९७४ च्या कायद्याने १०३ आजारी गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन त्या महामंडळाकडे आल्या. नव्वदच्या दशकात महामंडळाचाच तोटा भांडवल गिळून बसला आणि प्रकरण आजारी उद्योगांच्या मंडळापुढे, बीआयएफआरपुढे गेले. पुनर्वसनासाठी पैसा उभा केला तो प्रामुख्याने गिरण्यांच्या जमिनी विकून. २००५ साली मुंबईत एका गिरणीची जमीन ७०२ कोटींना, कोहिनूर मिल क्रमांक ३ ची ४२१ कोटींना, तर ज्युपिटर मिलची २७६ कोटींना गेली. त्यातून हजारो कामगारांची स्वेच्छानिवृत्ती झाली, काही गिरण्यांत नवी यंत्रे आली. २०१४ साली महामंडळाचे निव्वळ मूल्य उणेतून अधिकात आले आणि ते बीआयएफआरच्या कक्षेतून बाहेर पडले.

ताळेबंदाचा शेवटचा आकडा पाहणाऱ्याला वाटले असेल, दुखणे सरले. पण नफ्याचे गुणोत्तर काढताना वर कोणता नफा घेतला हे पाहावे लागते. सूत विकून झालेला नफा वेगळा, आणि जमीन किंवा जमिनीचे हक्क विकून आलेला वेगळा. पहिला दर वर्षी येऊ शकतो. दुसरा जमीन संपली की संपतो. म्हणून ऑपरेटिंग मार्जिन, म्हणजे मूळ धंद्यातला नफा भागिले विक्री, हे गुणोत्तर इतर उत्पन्न बाजूला ठेवून काढायचे. महामंडळाचा मूळ धंदा, म्हणजे सूत कातणे, तोट्यातच चालत राहिला.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि महामंडळाच्या गिरण्या थांबल्या. आपली ताप्ती, शेजारच्या अमरावती जिल्ह्यातली अचलपूरची फिनले मिल, सोलापूर जिल्ह्यातली बार्शीची गिरणी, सगळ्यांची चाके तेव्हा थांबली. टाळेबंदी उठली, खासगी सूतगिरण्या सुरू झाल्या, पण या झाल्या नाहीत. कामगारांना पुढे अपुऱ्या पगारावर राहावे लागले आणि तोही वेळेवर मिळेना, म्हणून आंदोलने झाली. लालबागमधली किती घरे यात पोळली, ते आपण सर्व जाणतो.

येथे रोखतेचा धडा आहे. महामंडळाकडे जमीन होती आणि तिचे बाजारमूल्यही मोठे होते. पण कापसाची गाठ जमिनीने घेता येत नाही, त्यासाठी खेळते भांडवल लागते. जमीन ही स्थिर मालमत्ता, चालू गुणोत्तरात ती येत नाही. श्रीमंत ताळेबंद आणि बंद गिरणी एकाच वेळी असू शकतात, याचे एवढे जवळचे उदाहरण दुसरे नाही. म्हणून मिल सुरू करण्याचे आश्वासन कोणीही दिले, तर आपण दोन प्रश्न विचारावेत. पहिल्या सहा महिन्यांच्या कापसाचे, विजेचे आणि पगाराचे पैसे कोठून येणार? आणि सूत विकून एक किलोमागे खर्च वजा जाता काही उरणार का? पहिला रोखतेचा, दुसरा नफ्याचा. दोन्हींची उत्तरे आकड्यांत मिळाली तरच आशा धरावी.

पतमानांकन आणि खोटी रोकड

मोठ्या कंपन्यांतही हेच दिसते. आयएल अँड एफएस या पायाभूत सुविधांच्या समूहाने सप्टेंबर २०१८ मध्ये देणी थकवली. समूहावर सुमारे ९१ हजार कोटींचे कर्ज होते आणि थोड्याच आठवड्यांपूर्वीपर्यंत मुख्य कंपनीला सर्वोच्च पतमानांकन होते. रस्ते आणि बोगदे पंधरा-वीस वर्षांत पैसा परत देतात. त्यांच्यासाठी काढलेले बरेचसे कर्ज मात्र थोड्या मुदतीचे होते. जुने फेडायला नवे मिळेनासे झाले त्या दिवशी गाडे अडले. भविष्य निर्वाह निधींचे, म्हणजे नोकरदारांचे पैसेही त्यात अडकले.

सत्यमचे प्रकरण आणखी वेगळे. ७ जानेवारी २००९ रोजी कंपनीच्या अध्यक्षांनी पत्र लिहून कळवले की ताळेबंदात दाखवलेल्या रोकड व बँक शिलकीपैकी ५०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. अशा वेळी चालू गुणोत्तर कितीही चांगले आले तरी निरर्थक. म्हणून एक पडताळणी ठेवावी. कंपनी मोठी रोकड दाखवते, तर तिच्यावर व्याज किती मिळाले? आणि एवढी रोकड असताना ती कर्ज का काढते? या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे नसतील तर लांब राहावे.

घरी बसून काय पाहावे

पूर्वी हे सगळे आकडे स्वतः काढावे लागत. आता १ एप्रिल २०२१ पासून कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टानुसार कंपन्यांना अकरा गुणोत्तरे वार्षिक अहवालात द्यावी लागतात आणि एखादे २५ टक्क्यांहून अधिक बदलले तर कारणही लिहावे लागते. उधारीचे वयही तक्त्यात द्यावे लागते : सहा महिन्यांपेक्षा कमी, सहा महिने ते एक वर्ष, एक ते दोन, दोन ते तीन, आणि तीन वर्षांहून जुनी. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा अहवाल बाजाराच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. नातवंडांना सांगा, दोन मिनिटांत काढून देतील.

आम्ही ज्या क्रमाने पाहतो तो सांगतो.

१. गेल्या पाच वर्षांचा एकूण निव्वळ नफा आणि त्याच पाच वर्षांत मूळ धंद्यातून आलेली रोकड शेजारी शेजारी मांडावी. रोकड सतत बरीच कमी असेल, तर नफा उधारीत किंवा मालात अडकला आहे.

२. उधारीच्या वयाचा तक्ता पाहावा. विक्री वाढते त्याहून उधारी वेगाने वाढत असेल तर सावध व्हावे.

३. चालू गुणोत्तर आणि क्विक रेशो पाहावेत, पण त्याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपनीशी तुलना करून. किराणा मॉलची विक्री रोखीने होते, तेथे १ च्या आसपासही चालते. यंत्रे बनवणाऱ्याला ते पुरणार नाही.

४. इतर उत्पन्न वगळून मूळ धंद्याचा नफा विक्रीवर किती टक्के, आणि गुंतलेल्या एकूण भांडवलावर किती टक्के, ते पाहावे. भांडवलावरचा परतावा कर्जाच्या व्याजदराहून कमी असेल, तर ती कंपनी व्याजासाठीच राबते आहे.

५. व्याज आणि कर यांपूर्वीचा नफा व्याजाच्या किती पट आहे ते पाहावे. दीडपटीच्या खाली आम्ही जात नाही.

बँका आणि वित्त कंपन्यांना चालू गुणोत्तर लावू नये. त्यांचा कच्चा मालच पैसा असतो. तेथे भांडवल पर्याप्तता आणि थकीत कर्जाचे प्रमाण पाहावे. बँकेतली ठेव, सहकारी बँकेतलीसुद्धा, दर ठेवीदारामागे एका बँकेत व्याजासह ५ लाखांपर्यंत विमासंरक्षित आहे. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून आहे. कंपनीच्या मुदत ठेवीला आणि पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. एखादी कंपनी बँकेपेक्षा तीन टक्के जास्त व्याज देऊ करते, तेव्हा ती ते का देते, हा प्रश्न आधी विचारावा. ज्याला बँक स्वस्तात कर्ज देते, तो आपल्याकडे महाग पैसा मागायला येत नाही.

आपल्या समाजात निवृत्तीची रक्कम एकदाच हाती येते आणि लूमवाल्याच्या घरात तर धंद्याची आणि घरची तिजोरी एकच असते. त्यामुळे चुकीचा ताळेबंद वाचला तर नुकसान कागदावर राहत नाही. ज्या सभासदांना आपल्या शेडची उधारी वयानुसार मांडायची असेल किंवा घेतलेल्या शेअरचा अहवाल समजून घ्यायचा असेल, त्यांनी कागद घेऊन यावे. वही आणि एक कॅल्क्युलेटर पुरेसा आहे. सूनबाई आणि मुलींनीही यावे, कारण पुष्कळ घरांत आता हिशेब त्याच ठेवतात आणि चांगला ठेवतात.